‘बाहेरचा’ नर आता उरलाय का? शुद्ध जात, निकट प्रजनन आणि थोडं गणित (एका चर्चामंचावरचा धागा)

चौथी पिढी

परवा एका पैदासकार मित्राने मोठ्या अभिमानाने त्याच्या कुत्र्याची वंशावळ दाखवली. चौदा पिढ्या, एकही परका नाही. "शंभर नंबरी शुद्ध," म्हणाला. मी चहाटळपणे मोजायला बसलो. चौदा पिढ्या मागे गेलं की कोणत्याही प्राण्याला १६,३८४ पूर्वजांच्या जागा असतात. त्या कागदावर चौदाव्या पिढीत वेगळी नावं होती अकरा. बाकीच्या सोळा हजारांवर जागा त्याच अकरा जणांनी फिरून फिरून भरल्या होत्या.

माझं म्हणणं वाद घालण्यासाठीच मांडतो. ‘शुद्ध जात’ हा प्राण्याचा गुण नाही. दार किती वर्षं बंद आहे याची ती नोंद आहे, आणि पैदासकार ती नोंद पदकासारखी छातीवर लावून फिरतात.

गणित दोन ओळींचं आहे. कळपातली डोकी मोजू नका. पुढच्या पिढीकडे जीन किती जणांकडून जातात ते मोजा. नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या, त्याची चौपट, भागिले दोघांची बेरीज. ही झाली परिणामकारक संख्या. शंभर गायी आणि एक वळू असेल तर उत्तर येतं चारच्याही किंचित खाली. गोठ्यात एकशे एक जनावरं उभी आहेत, पण आनुवंशिकतेच्या वहीत ती चारच. चार वळू वापरले की पंधरा. निकट प्रजनन (जवळच्या नात्यातली वीण) दर पिढीला किती चढणार हे काढायचं तर या संख्येची दुप्पट करा आणि एकाला तिने भागा. एका वळूने साडेबारा टक्क्यांच्या वर, चार वळूंनी सव्वातीन.

तेव्हा ‘सर्वांत चांगला एकच नर सगळीकडे वापरा’ हा सल्ला देणाऱ्याने पुढच्या तीन पिढ्यांचा हिशेबही द्यावा.

गोठेकर

तुमच्यासारखे लोक कागदावर गुणाकार करतात आणि आम्ही पहाटे गोठ्यात उभे असतो. राग नाही, पण एकदा ऐका.

निकट प्रजनन नसतं तर आज जात म्हणून काही दिसलंच नसतं. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या डिशली इथल्या रॉबर्ट बेकवेलने काय केलं? चांगल्याशी चांगलं जुळवलं, मग ते आपापसात, बाप-लेकीतसुद्धा. त्यातून नवी लेस्टर मेंढी उभी राहिली. मेंढे विकायचे नाहीत, हंगामापुरते भाड्याने द्यायचे आणि दुसऱ्यांच्या कळपात त्यांची पिल्लं कशी निघतात ते बघायचं, ही युक्तीही त्याचीच. संततीवरून नर सिद्ध करणं म्हणजे तरी दुसरं काय?

शॉर्टहॉर्न गायींचा कॉमेट नावाचा वळू घ्या. १८०४चा जन्म. त्याचा बाप फेवरिट, आणि त्याच्या आईचा बापही फेवरिटच. एवढंच नाही, त्या आईची आई ही फेवरिटची स्वतःची आई होती! तुमच्या हिशेबाने हा प्राणी जगायलाच नको होता. १८१० मध्ये तो एक हजार गिनींना विकला गेला, तोवर कुठल्याही वळूला एवढी किंमत आली नव्हती.

जातिवंत जनावर का घेतात लोक? पोटी काय येणार ते आधी सांगता येतं म्हणून. ही खात्री जीनमधल्या एकसारखेपणातूनच येते. विविधता हवी असेल तर रस्त्यावरचं कुत्रं पाळा, तेही छानच असतं.

सांख्यिकीवाला

कॉमेटचं उदाहरण आवडलं, कारण निकट प्रजनन मोजायची रीत ज्याने १९२२ मध्ये मांडली त्या सीवॉल राइटनेच त्याचा गुणांक, म्हणजे एकाच पूर्वजाच्या जीनची नक्कल आई आणि बाप दोघांकडून मिळण्याची शक्यता, काढून दाखवलाय. सुमारे ४७ टक्के. तुलनेसाठी, सख्ख्या भावा-बहिणीच्या पिल्लाचा २५ आणि सावत्र भावंडांच्या पिल्लाचा साडेबारा.

दोघेही एक गोष्ट गाळताय. निकट प्रजनन नवा वाईट जीन तयार करत नाही. ते ॲलीलचं (जीनच्या एखाद्या रूपाचं) कळपातलं प्रमाणसुद्धा बदलत नाही, फक्त जोड्या बदलतं. समजा एखादा दोष दबून राहणाऱ्या ॲलीलमुळे येतो आणि त्या ॲलीलचं प्रमाण शंभरात एक आहे. सरमिसळ वीण असेल तर दोन्ही बाजूंनी तोच ॲलील मिळण्याची शक्यता शंभरात एकाचा वर्ग, म्हणजे दहा हजारांत एक. आता वीण सख्ख्या भावंडांची करा. तोच आकडा दहा हजारांत साधारण सव्वीस होतो. ॲलील तेवढेच, दिसणारी आजारी पिल्लं सव्वीसपट.

म्हणून बेकवेलची पद्धत दुधारी आहे. चांगले ॲलील जोडीने येतात तसे वाईटही. नेमके कुठले आले हे पिल्लू जन्मल्यावर कळतं.

शंकासुर

मूळ प्रश्नच विचारतो, हसू नका. दोष दिसला की ते जनावर पैदाशीतून काढायचं. दहा-वीस पिढ्या असं केलं की दोष संपेल ना? मग भानगड कुठे आहे?

सांख्यिकीवाला

हसत नाही, हाच प्रश्न गेल्या शतकाच्या सुरुवातीला चांगल्या चांगल्या लोकांना पडला होता, पण उलट्या बाजूने. जो गुण प्रभावी आहे (एकाच बाजूने ॲलील आला तरी दिसतो) तो हळूहळू सगळीकडे पसरून तीनास एक या प्रमाणात दिसायला नको का, असा मुद्दा लंडनमधल्या एका व्याख्यानानंतर निघाला. उदाहरण होतं आखूड बोटांच्या माणसांचं. व्याख्यान देणाऱ्या पनेट या आनुवंशिकीतज्ज्ञाला पटेल असं उत्तर देता येईना. तो ज्याच्याबरोबर क्रिकेट खेळायचा त्या गणितज्ञ हार्डीकडे गेला. हार्डीने १९०८ मध्ये पानभर उत्तर लिहिलं, तेही ‘हे इतकं साधं आहे की जीवशास्त्रज्ञांना माहीत असेल असं वाटलं होतं’ अशा सुरात. त्याच वर्षी जर्मनीत वाइनबर्ग नावाच्या डॉक्टरने स्वतंत्रपणे तेच मांडलं. निवड नाही, स्थलांतर नाही, संख्या मोठी आणि जोड्या सरमिसळ, असं असेल तर प्रमाण पिढ्यानपिढ्या जागच्या जागी राहतं. कोणी आपोआप पसरत नाही आणि कोणी आपोआप बुडतही नाही.

आता तुमचा प्रश्न. वरच्याच उदाहरणात दहा हजारांत एक पिल्लू आजारी. पण दोष अंगात लपवून धडधाकट फिरणारे वाहक किती? जवळपास पन्नासात एक. आजारी एकामागे वाहक दोनशेच्या आसपास. तुम्ही काढताय फक्त तो एक. ॲलीलचं प्रमाण अर्ध्यावर यायला किती पिढ्या लागतील? शंभर. वीस पिढ्यांत तर ते जेमतेम सहाव्या हिश्श्याने उतरतं.

शंकासुर

शंभर पिढ्या?! बरं. मग वाहकांची तपासणी करून त्यांनाच काढून टाका.

चौथी पिढी

आणि इथेच लोक पुन्हा खड्ड्यात पडतात. प्रत्येक प्राण्यात असे दबलेले दोष थोडेफार असतातच. एका चाचणीच्या नावाने वाहक काढले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, तर उरेल तो मूठभर कळप, आणि त्या मुठीत ज्या दोषाची चाचणी अजून निघाली नाही तो दबा धरून असेल. वाहक काढायचा नसतो, वाहकाशी वाहक जुळवायचा नसतो. एवढं पाळलं तर आजारी पिल्लू होतच नाही, आणि वाहकाच्या अंगातले बाकीचे हजारो चांगले जीन हातचे जात नाहीत.

उंटावरचा शहाणा

वेगळंच बोलतो. ‘सर्वोत्तम’ ठरवायचं कोणी आणि कशावरून?

अमेरिकेत विल्यम मुइर यांनी अंड्यांच्या कोंबड्यांवर १९९०च्या दशकात केलेलं काम या वादात हमखास आठवतं. पिंजऱ्यात अनेक कोंबड्या एकत्र. जी सगळ्यांत जास्त अंडी देते ती निवडायची, यात चुकीचं काय? चूक अशी की ती बरेचदा शेजारणींना टोचून, दाबून, त्यांच्या वाट्याचं खाऊन पुढे गेलेली असते. तिच्याच लेकी एका पिंजऱ्यात भरल्या तर काय होईल ते सांगायला नको. मुइर यांनी एकट्या कोंबडीऐवजी अख्खा पिंजरा निवडायला सुरुवात केली. ज्या पिंजऱ्याचं मिळून उत्पादन जास्त, त्याच घराण्याची पुढची पिढी. काही पिढ्यांतच मरतुक धाडकन खाली आली आणि अंडीही वाढली.

तुमचा तो सर्वोत्तम वळू कुठल्या पिंजऱ्यातली कोंबडी आहे हे आधी तपासा, मग त्याच्या रेतमात्रा वाटा.

गोठेकर

कोंबड्यांचं पटलं. पण तुम्ही सगळे एक सोयीस्कर गोष्ट विसरताय. निकट प्रजनन हे काही पिढीजात कर्ज नाही. माझ्या शेळ्यांचा गुणांक तीस टक्के असू दे. मी दूरच्या कळपातला, काहीही नातं नसलेला बोकड आणला की होणाऱ्या करडांचा गुणांक किती? शून्य! एका वेतात सगळं धुऊन निघतं. बोकड स्वतःही त्याच्या घरी तीस टक्केवाला असला तरी चालतो. मग एवढा आरडाओरडा कशासाठी? घरात घट्ट पैदास करा, गुण पक्के करा, गरज पडली की बाहेरचा नर आणा. जुने लोक हेच करत आले.

आणि घट्ट पैदाशीने मरायचंच असेल तर चिलिंगहॅमच्या रानगायी का जगल्या? नॉर्थम्बरलंडमधला तो कळप तीनशेच्या वर वर्षं बंद आहे. १९४७च्या हिवाळ्यात त्यातली तेराच जनावरं उरली, आठ गायी आणि पाच बैल. जीन तपासले तर एकमेकींच्या नकला म्हणाव्यात इतक्या सारख्या निघाल्या. तरी विताहेत, वाढताहेत, आज शंभराच्या वर आहेत. वाईट जीन जोडीने उघडे पडले, ती जनावरं गेली, गाळ निघून गेला.

सांख्यिकीवाला

शून्याचं तुमचं गणित अचूक आहे. धाग्यात आतापर्यंतचा सगळ्यांत चांगला मुद्दा.

चिलिंगहॅमबद्दल मात्र सावध. जो कळप जगला तोच आपल्याला बघायला मिळतो. राइटने अमेरिकी कृषी खात्यात गिनीपिगच्या भावा-बहिणींच्या विणीचं १९०६ पासून चाललेलं काम तपासलं, तेव्हा कित्येक घराणी वाटेतच बंद पडली होती. जी टिकली त्यांचीही पिल्लांची संख्या, वजन, जगण्याचं प्रमाण घसरलं होतं. दोन वेगळी घराणी जुळवली की जोम लगेच परत. प्रयोगशाळेतले उंदीरही असेच, वीस पिढ्या सख्खी भावंडं जुळवून पक्के केलेले. त्यांच्या मागे किती घराणी संपली याची पाटी कुणी लावत नाही. गाळ निघतो हे खरं, पण हळूहळू मारणारे, थोडा थोडा जोम खाणारे ॲलील त्यात निघत नाहीत. छोट्या कळपात ते निव्वळ नशिबाने पक्के होऊन बसतात.

चौथी पिढी

गोठेकर, तुमच्या त्या शून्यासाठीच हा धागा काढला होता, फक्त मला ते तुमच्याइतकं नेमकं मांडता आलं नाही.

बाहेरचा नर आणला की शून्य. बरोबर. पण तो बाहेरचा असायला हवा. तुम्ही दुसऱ्या कळपातून बोकड आणता, त्या कळपाने तिसऱ्याकडून आणलेला असतो, आणि तिसऱ्याने चार वर्षांपूर्वी तुमच्याकडूनच! कृत्रिम रेतनात तर गोठेच वेगळे राहत नाहीत. हजार गोठे आणि वळू तोच.

होल्स्टिन गायींचं बघा. जगात कोट्यवधी. उत्तर अमेरिकेत रेतनासाठी वापरले जाणारे होल्स्टिन वळू बापाकडून बापाकडे मागे नेले तर जवळपास सगळे दोन वळूंवर येऊन थांबतात: १९६२ मध्ये जन्मलेला चीफ आणि १९६५ मधला एलिव्हेशन. कोट्यवधींच्या या जातीची परिणामकारक संख्या शंभराच्या आसपास किंवा त्याहून कमी धरतात. लाखो गोठे आहेत, पण ‘बाहेर’ नावाची जागाच नाही.

लेक सुपीरिअरमधल्या आयल रॉयल बेटावरचे लांडगे हे तर या गोष्टीचं छोटं चित्रच. १९९७ मध्ये गोठलेल्या सरोवरावरून एक नर चालत आला. परका, ताज्या रक्ताचा, अंगापिंडाने मोठा. त्याने इतकी पिल्लं दिली की काही पिढ्यांत कळपातले निम्म्याहून जास्त जीन त्याचेच झाले. म्हणजे काय झालं? सगळे पुन्हा भावंडं! २०१८ मध्ये बेटावर दोन लांडगे उरले होते, एक नर आणि एक मादी. ती त्याची मुलगी होती, आणि दोघांची आई एकच असल्याने सावत्र बहीणही. शेवटी माणसांनी बाहेरून लांडगे नेऊन सोडले. बाहेरचा फार यशस्वी झाला की तोच घरचा होतो.

सांख्यिकीवाला

चीफचं नाव निघालंच आहे तर त्याची पुढची गोष्ट सांगतो, कारण हार्डीचं ते पानभर गणित गोठ्यात कसं वापरलं जातं हे यापेक्षा चांगलं कुठेच दिसत नाही.

२०११ मध्ये अमेरिकी कृषी खात्यातल्या संशोधकांच्या हाती हजारो होल्स्टिन जनावरांच्या जीन-चाचण्या होत्या. त्यांनी आजारी जनावरं शोधली नाहीत, न दिसणारी जनावरं शोधली. समजा गुणसूत्राच्या एका तुकड्याचं एक रूप शंभरात दोन या प्रमाणात आहे आणि तुमच्याकडे पंचाहत्तर हजार जनावरं आहेत. दोन्हीकडून तेच रूप मिळालेली जनावरं तीस तरी दिसायला हवीत. (हे आकडे माझे, समजावण्यापुरते.) तुम्ही मोजता आणि मिळतं शून्य. एकटा वाहक ठणठणीत, जोडीतला एकही नाही. मग ते तीस गेले कुठे? ते जन्मलेच नाहीत. गर्भातच गेले.

असा एक तुकडा थेट चीफपर्यंत पोचला. पेशींचा ठरलेला मृत्यू घडवून आणणाऱ्या एका जीनमधलं वाक्य मधेच तुटलेलं. चीफच्या मुली सोळा हजार, नाती पाच लाख. गोठ्यात काय दिसत होतं? गाय भरवली, गाभण धरली असं वाटलं आणि पुन्हा माजावर आली. प्रत्येक मालकाला वाटलं चारा कमी पडला, नाहीतर ऊन लागलं. २०१६ मधल्या अंदाजाप्रमाणे या एका तुकड्याने जगभरात पाच लाखांवर गर्भ गेले, नुकसान सुमारे ४२ कोटी डॉलर.

गोठेकर

आणि त्याच अंदाजात चीफच्या बाकीच्या जीनमुळे वाढलेल्या दुधाची किंमत तीस अब्ज डॉलर काढली होती, ते का गाळलंत? सत्तरपट! गणितवाल्यांनी वजाबाकी अर्धीच करायची का?

सांख्यिकीवाला

गाळलं नाही, तुमच्यासाठी ठेवलं होतं. :) आकडा बरोबर आहे. चीफ वापरला ही चूक नव्हती. चीफ एवढा वापरला, आणि मग त्याच्या नाती त्याच्याच नातवांना भरवल्या, ही चूक. दूध पहिल्या पिढीतच मिळालं होतं.

ठिपकेवाली

गायींच्या गोठ्यात डाल्मेशियन घेऊन शिरते, माफ करा. ‘शुद्धता’ शब्दावरचा माझा राग जुना आहे.

माझ्याकडे दोन डाल्मेशियन होते. पहिल्याला चार वर्षांचा असताना लघवीला होईना. पाठीची कमान करून कोपऱ्यात उभा राहायचा, थेंब पडायचा नाही, आणि माझ्याकडे असा बघायचा की जणू मी काहीतरी विसरलेय. मूतखडे. मूत्रमार्गात वाळूसारखे अडकलेले. ज्याच्याकडून पिल्लू घेतलं त्याला फोन केला तर म्हणाला, "डाल्मेशियनला होतंच ते, जातीचा गुण आहे." अगदी शांतपणे, ठिपक्यांबद्दल बोलावं तसं.

खरंच जातीचा गुण होता. युरिक ॲसिडची विल्हेवाट लावणारा जीन बिघडलेला आणि जातीतल्या यच्चयावत कुत्र्यांत तो जोडीनेच. चांगला ॲलील पूर्ण जातीत शून्य! तेव्हा ‘चौथी पिढी’ म्हणतात तसं वाहकाशी वाहक जुळवू नका वगैरे काहीच चालत नाही. सगळेच दोषी, निवडणार कोणातून? आतल्या आत कितीही हुशारीने जुळवा, नसलेला ॲलील येणार कुठून?

१९७३ मध्ये रॉबर्ट शायबल या आनुवंशिकीतज्ज्ञाने एकदा, फक्त एकदा, पॉइंटर जातीचा कुत्रा वापरला. पुढे दर पिढीला पुन्हा डाल्मेशियनच, पण ज्या पिल्लात चांगला ॲलील आलाय तेच पुढे न्यायचं. दर पिढीत पॉइंटरचा वाटा अर्धा. दहाव्या पिढीत हजारात एक. ठिपके, चाल, अंगकाठी, सगळं डाल्मेशियन, फक्त मूतखड्याचा शाप नाही. १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने अशी दोन कुत्री नोंदवली आणि जातीच्या शौकिनांच्या विरोधामुळे नोंदणी पुन्हा थांबवली. दार उघडलं ते २०११ मध्ये. तीस वर्षं! हजारातल्या एका भागासाठी.

उंटावरचा शहाणा

बारीकसारीक काढतो, सवय आहे. हजारात एक हे सरासरीचं झालं. जो ॲलील मुद्दाम पुढे नेलाय त्याच्या आजूबाजूचा गुणसूत्राचा तुकडा इतक्या सहज अर्धा होत नाही, तो ॲलीलला चिकटून प्रवास करतो. तुमच्या दहाव्या पिढीच्या कुत्र्यात पॉइंटर थोडा जास्त असणार, पण एकाच जागी.

ठिपकेवाली

चालेल. ती जागा मला प्रिय आहे. दुसरा कुत्रा त्या घराण्यातला होता, तेरा वर्षं जगला.

शंकासुर

अजून एक. कुठेतरी वाचलं की गायीच्या प्रजननक्षमतेची आनुवंशिकता पाच टक्क्यांच्या आसपासच असते. म्हणजे ती जीनवर अवलंबूनच नाही. मग निकट प्रजननाने ती बिघडते असं कसं म्हणता?

सांख्यिकीवाला

हा गैरसमज इतका पक्का आहे की पैदासकारांच्या मेळाव्यातही ऐकू येतो. आनुवंशिकतेचा आकडा ‘गुण जीनमुळे किती’ हे सांगत नाही. या कळपात, या परिस्थितीत, एका जनावराचं दुसऱ्यापासून जे वेगळेपण दिसतं त्यातला किती वाटा आईबापांकडून सरळ बेरजेने पुढे जाणाऱ्या जीनचा, एवढंच तो सांगतो. माणसाला दोन डोळे जीनमुळेच असतात, पण डोळ्यांच्या संख्येतला फरक जवळपास सगळा अपघातांनी पडतो.

उपयोग कसा करायचा? गोठेकरांच्या शेळ्या घ्या. वर्षाच्या करडांचं सरासरी वजन ३० किलो. तुम्ही नर-माद्या ३६ किलोच्या निवडल्या. पुढची पिढी ३६ची होणार? नाही. आनुवंशिकता ०.३ असेल तर सहा किलोंतले १.८ मिळतील, म्हणजे ३१.८. आणि फक्त बोकड निवडलेला, शेळ्या सरासरीच्या, तर त्याच्याही निम्मे. इथेच लोक फसतात. बोकड भारी घेतला आणि करडं साधीच निघाली, म्हणजे विकणाऱ्याने गंडवलं असं म्हणतात. बरेचदा गंडवलेलं नसतं, त्या बोकडाचं जादा वजन अर्धंअधिक खाण्यापिण्याचं असतं.

गाभण राहणं, पिल्लं जगणं अशा गुणांचा हा आकडा लहान, कारण ऋतू, चारा, आजार, मालकाचं लक्ष यांचा गोंधळ मोठा. पण निकट प्रजननाचा घाव सगळ्यांत आधी याच गुणांवर बसतो आणि संकराचा जोमही यांच्यातच सगळ्यांत जास्त दिसतो. निवडीने ते हळू सुधारतात आणि निष्काळजीपणाने झपाट्याने बिघडतात.

गोठेकर

वजनाचं हे मला वीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर दोन माणसांशी तोडलेले संबंध टिकले असते.

बरं, हार मानलेली नाही. निकट प्रजनन हे हत्यार आहे आणि हत्याराने बोट कापतं म्हणून कोणी विळी फेकत नाही. पण ‘बाहेर’ नावाची जागा संपली तर माझी सगळी पद्धतच उडते, हे खरं. रात्री झोपताना तेच डोक्यात होतं. सरळ विचारतो: तीस शेळ्या आहेत, एक बोकड, त्याला आता तिसरं वर्ष. त्याच्या मुली यंदा लागवडीला येतील. काय करू?

चौथी पिढी

मुलींना तो लावू नका, बाकी काही केलं नाही तरी चालेल. बाप-लेकीच्या करडाचा गुणांक २५ टक्के, आणि त्यातली पाट पुन्हा त्यालाच लावली तर साडेसदतीस.

शक्य असेल तर बोकड तीन ठेवा आणि शेळ्यांचे तीन गट करा. पहिल्या गटातल्या पाटी मोठ्या झाल्या की दुसऱ्या बोकडाकडे, दुसऱ्यातल्या तिसऱ्याकडे, तिसऱ्यातल्या पहिल्याकडे. मुली फिरतात, बोकड आपापल्या जागी. एका बोकडाने तुमचा हिशेब दर पिढीला तेरा टक्क्यांच्या जवळ जातो, तिघांनी साडेचारच्या आसपास, आणि या फेऱ्यामुळे पहिल्या एक-दोन पिढ्या तर नातंच लागत नाही. तीन बोकडांचा खर्च जड जात असेल तर दोघा शेजाऱ्यांशी बोला, एकेकाने एकेक ठेवा आणि दर दोन वर्षांनी फिरवा.

एकच अट. तिघे बोकड एका बापाचे नसावेत. त्यासाठी वही लागेल: कोणाचं करडू, आई कोण, बाप कोण.

गोठेकर

वही आजच घातली. पहिल्या पानावर सध्याचाच बोकड. आई: काळी, डाव्या कानाला चीर. बाप: माहीत नाही. आता याचा गुणांक कसा काढू?

सांख्यिकीवाला

शून्य लिहा. वंशावळीच्या हिशेबात ‘माहीत नाही’ म्हणजे ‘नातं नाही’ असंच धरतात. चौथ्या पिढीच्या मित्राच्या कागदावरची ती अकरा नावंही तशीच आहेत. त्यांच्या मागे कागद नाही, म्हणून ते अकराही कागदावर एकमेकांचे कोणी नाहीत.

गोठेकर

मी तो जिथून आणला तिथे अजून दोन होते, हुबेहूब याच्यासारखे. शून्य पेन्सिलीने लिहितो.